उजवी बाजू

दारूखान्यातल्या माझ्या शेडमध्ये
फरशीवर चारही स्प्रिंगा उभ्या करून ठेवल्या,
गंज खरवडला, पट्टी लावली.
डावीकडच्या दोन्ही जशाच्या तशा.
उजवीकडच्या बसलेल्या :
पुढची नऊ मिलिमीटर, मागची सात.

म्हटलं, मॅडम,
ही गाडी पंचवीस वर्षं एकाच माणसानं चालवलीय,
वजनदार माणसानं,
आणि त्याच्या शेजारी कधी कुणी बसलेलं नाही.

ईशानी गुप्ते. केईएमला भूल देते.
हातात हेल्मेट, अजून प्लॅस्टिकमधलं.
म्हणाली, बाबा पंच्याण्णव किलोचे होते.
शेजारी मी बसायचे.
मग थोड्या वेळानं,
तेव्हा मी अठरा किलोची होते.

स्प्रिंगला काय कळणार अठरा किलो.

मी एकतीस वर्षं बेस्टमध्ये, वडाळा आगारात
पाटे बदलायचो.
आमचं काम एकच :
मागच्या सीटवरच्या बाईच्या डब्यातली आमटी सांडू नये.
ही म्हणते, तांडेल मिस्त्री, कडक करा.
वळणावर झुकायला नको,
ब्रेक मारला की नाक जमिनीला लावायला नको.

जुने बुश दाबून काढले तर हातात आले
भिजलेल्या खजुरासारखे.
एक बोल्ट तीन दिवस हलला नाही,
तेल पाजलं, शेक दिला, शिव्या दिल्या,
चौथ्या दिवशी झुबेरनं सहज पाना लावला
आणि सुटला. त्याचं त्यालाही कळलं नाही.

नवे शॉकअप खोक्यातून निघाले, निळे,
डोक्यावर एक गोटी,
फिरवली की टिक्.
बत्तीस टिक् एका चाकाला.
इतक्या बारकाईनं, किती हवंय,
आयुष्यात मला कुणी विचारलं नव्हतं.

भाऊच्या धक्क्यावरून चार वजनकाटे आणले,
तीनशे किलोचे, बोंबलाचा वास मारणारे.
एकेका चाकाखाली एकेक.
ती आत बसली, हात स्टिअरिंगवर,
दोन तास हलली नाही.
रोज माणसांना न हलवता ठेवते,
सवय असेल.
मी गुडघ्यावर, रिंग अर्धा आटा वर, पाव आटा खाली,
चारी कोपरे तिच्या चोपन्न किलोंना जुळेपर्यंत.

रात्री पोर्ट ट्रस्टच्या रस्त्यानं चालवून पाहिली.
शिवडीपर्यंत प्रत्येक खड्ड्याचं
वेगळं नाव सांगत होती कण्याला.
या शहरात ही गाडी आता कुणाच्या कामाची नाही.
पण फाटकापाशी एक वळण घेतलं,
जरा जास्तच वेगात,
आणि ती झुकली नाही.
साठाव्या वर्षी मी एकटाच मोठ्यानं हसलो,
कुत्री उठली.

ट्रेलर यायच्या आदल्या संध्याकाळी तिनं विचारलं,
शेजारची सीट काढतात ना सगळे?
काढतात, म्हटलं. अकरा किलो वाचतात.
तिनं सीटच्या कडेची शिवण नखानं खरडली.
काढा.

रविवारी कोइम्बतूरहून फोन.
मागं इंजिनांचा आरडाओरडा.
मिस्त्री, डाव्या वळणावर मागचं टोक सुटतंय,
उजव्यावर अजिबात नाही.
मी मागच्या बारचं भोक सांगायला तोंड उघडलं
आणि समोर ती सीट दिसली,
पिंपावर ठेवलेली,
तिच्यावर बसून झुबेर कटिंग पीत होता.

काटे आधी लावले होते.
सीट नंतर काढली.
एकतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाची चूक,
सांगितली तशीच.
पाण्याचा कॅन घ्या, म्हटलं,
अकरा लिटर, मोजून,
सीटच्याच हुकांना पट्ट्यानं आवळून बांधा.
हलता कामा नये.

पलीकडे बराच वेळ नुसतं इंजिन.
मग म्हणाली, अठरा नको?

नको, म्हटलं.
अकराच.