पाठ उघडी

झेफेरिन खोकं घेऊन आला
तेव्हा भुशाचा बोर्ड खालून फुगला होता;
कुडतरीच्या तळ्याकाठची ओल, दुसरं काय.
म्हणाला, उमाकांत, आवाज गोधडीतून बोलतोय.

मला गिटार कळत नाही.
दारं कळतात, शवपेट्या कळतात,
आणि टिचकी मारली की पोकळ लाकूड काय उत्तर देतं ते.

पहिली पेटी फणसाची केली, इंचभर जाड.
त्यानं तार छेडली.
पेटी देवळाच्या खांबासारखी, सगळं ऐकून घेणारी.
‘स्वच्छ आहे,’ म्हणाला, आणि तोंड पाडून बसला.

मग वास्कोच्या धक्क्यावरची, यंत्रांच्या खोक्यांची पाइन.
बोटांत बोटं अडकवून सांधली, खिळा एकही नाही.
या वेळी तळहात लावला तर
फळी थरथरत होती, तापातल्या पोरासारखी.

पाठ बंद केली.
आवाज छाती काढून सरळ पुढे चालला,
खर्ज घट्ट, पण खोलीत कुठे वळेचना.
मला घुमट आठवलं:
एका तोंडाला कातडं, दुसरं उघडं,
तळहातानं झाकत-सोडत वाजवायचं.
मधली एकच फळी काढली.
आवाज मागच्या भिंतीला जाऊन आला,
किंचित उशिरा, किंचित मऊ.

राहिला स्पीकर. कागदाचा शंकू,
कडेला नखाएवढी चीर.
मी तिच्यावर बोट ठेवलं, तो वाजवत राहिला.
बोट काढलं, स्वराला कफ झाला.
‘नवा आणू?’
‘नको. माझा बाप मांडो असाच म्हणायचा.’

फळ्यांचे पैसे दिले त्यानं.
मजुरी फेस्ताला देतो म्हणाला,
कुठल्या ते सांगितलं नाही.