पुन्नोन

रात्री साडेनऊला जीप शाळेपाशी थांबली.
गुरुजी, चला, तुम्हाला त्यांची बोली येते.
वीस वर्षं आश्रमशाळेत काढली तर येणारच.
बनियनवर सदरा चढवला,
आणि का कोण जाणे, खिशाला पेन लावला.

पाटीवर लिहिलेलं : पोलीस मदत केंद्र.
आतल्या खोलीत जनरेटरचा दिवा फडफडत होता.
एक बाकडं, बादली, ओला दुपट्टा,
आणि रैनू हिचामी,
मोहफुलं वेचणारा
किंवा सुरुंग पेरणारा.
मला आजही सांगता येणार नाही.

शिरसाट साहेब सकाळपासून जेवला नव्हता.
त्याने मोबाईलमधला फोटो दाखवला मला,
भोजराजचा, मार्चात उडालेल्या गाडीतला.
बूट सापडला होता बिजाच्या झाडावर, म्हणाला,
लेस बांधलेली होती तशीच.
पहाटे माझी आठ पोरं निघतात त्याच रस्त्यानं.
कोणत्या पुलाखाली, एवढंच विचारा त्याला.
गणित शिकवता ना तुम्ही, गुरुजी?
आठ मोठे का एक?

मी विचारलं.
तो म्हणाला, नन्ना पुन्नोन.
मी सांगितलं, मला माहीत नाही.
साहेब म्हणाला, तुम्हाला नाही, त्याला विचारा.
कोणी हसलं नाही.

दुभाष्याचं हे असं असतं.
मी तुला सोडणार नाही, हे माझ्या तोंडून,
आणि मी कोणाला मारलं नाही, हेही माझ्याच.
दोन मी, जीभ एक.
पाणी ओतायचे तेव्हा मात्र माझं काम नसायचं.
तेवढा वेळ मी खत कंपनीच्या कॅलेंडरवर
चतुर्थी कधी आहे ते पाहत राहायचो.

मध्येच दुपट्ट्याखालून तो म्हणाला, येर.
मी म्हणालो, पाणी मागतोय.
हवालदाराची बादली हवेतच थांबली.
त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय.

एक गोष्ट त्या खोलीत फक्त मला ठाऊक होती.
सात आठे किती, विचारून पट्टी उगारली
की पोर आकडा सांगतंच.
चोपन्न. बासष्ट. तोंडाला येईल तो.
उत्तर म्हणून नाही सांगत,
पट्टी थांबावी म्हणून सांगतं.
वीस वर्षं पाहिलंय मी हे,
वीस वर्षं पट्टी माझ्याच हातात होती.
पण बोललो नाही.
मला दुसऱ्यांचं बोलायला नेलं होतं.

तिसऱ्या बादलीला त्याने पूल सांगितला.
तोही मी मराठीत आणला,
अलीकडचा का पलीकडचा, डावीकडून कितवा पाईप,
एकही प्रत्यय न गाळता.

सकाळी पूल खणला. मुरूम, गिट्टी,
एक चिडलेला खेकडा.
आठ पोरं मग आडवाटेने जंगलातून गेली
आणि आठच्या आठ परत आली.
बघा गुरुजी, वाचली, साहेब म्हणाला.
खरंच वाचली होती.
एकाला धड मिसरूडही फुटलं नव्हतं,
त्याने वाकून नमस्कार केला मला.
कशापासून वाचली, ते मात्र
अजून कोणाला खणून काढता आलं नाही.

रैनूला आठवड्याने सोडला.
बाजाराच्या दिवशी भेटतो कधी, डिंक घेऊन बसलेला.
कसा आहेस, हे त्याच्या भाषेत विचारायला
माझी जीभ उचलत नाही.
तोच म्हणतो मराठीत, बरं हाय जी गुरुजी.
मग घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच :
याला त्या रात्रीही येत होतं का मराठी?
मी काय सांगतोय, कसं सांगतोय,
ऐकत होता का सगळं?

शाळेत सात आठे अजून चालूच आहेत.
मागची पोरगी उभी राहते,
छपराच्या पत्र्याकडे बघते,
आणि म्हणते, पुन्नोन.
बस, म्हणतो मी.
पट्टी कधीच चुलीत घातली आहे.
ती बसत नाही.
हात पुढे करून
उभीच.