सामू सहा पूर्णांक दोन

मे महिना, दुपारचे तीन,
अमरावती रोडवरची प्रयोगशाळा.
एसी दोन दिवसांपासून बंद,
कूलरचा वाळा कोरडाठक, टँकर उद्या येणार म्हणतात.
मी काचपट्टीवर पाणी गढूळ व्हायची वाट बघतेय.

आधी सगळं नितळ असतं.
दोन लांबच लांब रेणू, एक धन, एक ऋण,
एकाच पाण्यात, ओळख नसल्यासारखे.
मग सामू वाढवत न्यायचा, अर्धा अर्धा थेंब,
आणि सहा पूर्णांक दोनला
(कुणी हातही लावलेला नसतो)
दुधाचा एक पुसट पदर उठतो.
भिंगाखाली बघावं तर गोल गोल थेंब,
पाण्यातच, पण पाण्यापासून वेगळे.
यांना कातडी नाही. भिंत नाही, दार नाही.
तरी आत आहे आणि बाहेर आहे.
हे मला तीन वर्षांत नीट लिहिता आलेलं नाही.

वामन हेडाऊ इथे काचसामान धुतात,
निवृत्तीला चार महिने उरलेत.
गोळीबार चौकातले. वडिलांचा हातमाग होता,
त्या खोलीत आता भाच्याचं झेरॉक्सचं दुकान.
त्यांनी भिंगाला डोळा लावला, बराच वेळ काढलाच नाही.
"जिते हायेत का, प्रणोतीबाई?"
नाही.
"मंग हे दोघं एकमेकाकडं काहून सरकून राहिले?"
मी पृष्ठताण म्हणाले.
त्यांनी मान हलवली, पटल्याची नव्हे, सोडून दिल्याची.
"माय हळदीचा डाग साबणानं लाल करून दाखवे.
लिंबू पिळलं का परत पिवळा.
आमी तिले जादूगारीण म्हणो."

मी पुन्हा वाकले.
दोन थेंब टेकले होते, क्षणभर डमरूसारखे,
आणि माझ्या कपाळावरून घाम निघाला,
भुवईशी अडखळला,
थेट पट्टीवर.

मीठ. एवढंसं.
धनाला ऋण दिसेना, ऋणाला धन.
आधी कडा गेल्या की मधलं, कळलं नाही.
अर्ध्या मिनिटात पाणी नितळ,
जणू कुणी काही मांडलंच नव्हतं.

तीन दिवसांचं काम. मी पट्टी उचलली, फेकायला.
"साधं पाणी टाकून पाहा ना बाई,
खारट वरण आपण काय फेकून देतो?"

टाकलं. एक थेंब, दुसरा.
चौथ्याला एका कोपऱ्यात काहीतरी धूसर झालं.
तेच थेंब, असं म्हणता येणार नाही.
दुसरे, असंही नाही.

नोंदवहीत एक रकाना असतो: बाहेरून मिसळलेला पदार्थ.
मीठ, मी लिहिलं. प्रमाण: अज्ञात.
स्रोत:
इथे पेन थांबला,
कारण खाली कुणीतरी टँकर आला म्हणून ओरडलं, आजच आला,
आणि वामनराव दोन्ही बादल्या घेऊन
जिन्यावरून पळत सुटले होते.