माशी शिंकली

स्टेइनवरच्या स्वयंपाकघरातल्या मेजावर
नकाशा पसरलाय, चार कोपऱ्यांवर चार वजनं:
मिठाची बरणी, कॉफीचा थर्मास, ओद्दगेइरचा मोबाईल
आणि माझा चष्मा,
म्हणजे नकाशा मी चष्म्याशिवायच वाचतेय.

आइसलंडच्या ईशान्येचा हा तुकडा.
निळी रेघ म्हणजे नदी, एवढं मला कळतं.
तुटक रेघ म्हणजे रस्ता. "असला तर," ओद्दगेइर म्हणतो.
पेट्रोल सत्तर किलोमीटरवर.
परवाना दिवसाला एका काठीचा,
तो देते वरच्या शेतावरची हाल्बेरा,
आणि ती फोन उचलते फक्त
बातम्या संपल्यावर, हवामान सुरू व्हायच्या आत.

मी वहीत लिहिते: मंगळवार. पहाटे पाच.
रबरी विजार उसनी, ओद्दगेइरची, दोन माप मोठी.
दुसरा डोह, काळ्या खडकाच्या खाली.
मासा: चार, आर्क्टिकमधला, पोटाशी केशरी.
काल घरी फोनवर म्हटलं, चार धरायला चाललेय.
"चारच?" भाऊ म्हणाला.
"एवढ्या लांब जाऊन?"

स्टेइनवर माशी बांधतेय.
स्वतःच्या काळ्या एडक्याची लोकर,
रानकोंबडीचं एक पांढरं पीस,
नाताळच्या कुठल्याशा पुडक्याचा लाल दोरा.
"तुमच्याकडे काय म्हणतात हिला?"
माशी.
"आणि त्याला?"
मासा.
"मग नवराबायकोच की," ती म्हणते,
आणि पक्कडीनं काट्याचं उलटं टोक चेपते.
"आई पिंपभर खारवायची. हिवाळा निघायचा त्यावर.
आता शहरातून माणसं येतात, पैसे मोजतात,
धरतात, फोटो काढतात, सोडतात.
सोडायचाच तर निदान
सुटायला सोपा हवा."

हाल्बेराला फोन लागला. तिनं हो म्हटलं.
मी मंगळवारखाली दोन रेघा ओढल्या.

मग रेडिओ.
मला त्यातला एकच शब्द कळला, उत्तर,
पण दोघांच्या हातातले कप थांबले.
तीनशे मीटरच्या वर बर्फ. सोमवार रात्र.
ओद्दगेइरनं बरणी उचलली, थर्मास उचलला,
नकाशाचा कोपरा आपोआप गुंडाळला गेला.
वर डोंगरात चारशे मेंढ्या आहेत.
जीप लागणार, घोडे लागणार, हाल्बेराही लागणार.

आमच्याकडे, मी म्हटलं,
बेत असा मोडला की म्हणतात, माशी शिंकली.
स्टेइनवरनं नुकती बांधलेली
दिव्याजवळ धरून नीट निरखली.
"ही?"
आणि माझ्या टोपीत खोचून टाकली.

मंगळवार. पहाटे पाच.
रबरी विजार उसनी, दोन माप मोठी.
दुसरा डोह, काळ्या खडकाच्या खाली.
वहीत लिहिलं तसंच सगळं,
फक्त हातात काठी नाही, हात पसरलेले,
कारण मेंढ्यांनी उतार इथून ओलांडू नये
म्हणून कुणीतरी पाण्यात उभं राहायला हवं
आणि बाकी सगळ्यांना काही ना काही येतं.

गुडघ्यापर्यंत पाणी, बोटं बधिर,
खाली काहीतरी घासून जातं, पुन्हा जातं,
केशरी असेल, मला वाकता येत नाही.
वरून ओरडा, शिट्ट्या, ओल्या लोकरीचा वास,
आणि एक म्हातारी मेंढी, कुणाचंच न ऐकणारी,
सरळ माझ्या अंगावर.

दोघी पडलो. टोपी गेली.
उठलो तेव्हा माशी तिच्या मानेत,
लोकरीत लोकर, काळ्यात काळी,
लाल दोऱ्यामुळे तेवढी दिसली.
तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे.
उलटं टोक नव्हतं. अलगद निघाली.

सोडली.