गच्चीवरची गादी

रात्रीच्या गाडीनं कावळा नाक्यावर उतरलो
तेव्हा पावणेसहा.
एक मूल खांद्यावर, एक मूल रडत,
तीन बॅगा, प्लास्टिकची एक शी-ची सीट,
आणि समोर संयोगिता, गाऊनवर नवऱ्याचं जर्किन घालून:
"एवढंच सामान? मला वाटलं भांडीकुंडी घेऊन येतीयास."

हॉटेल परवडलं नसतं असं नाही,
असं मी घरून निघताना ठरवून आले होते म्हणायला.
तिनं विचारलंच नाही.

राजारामपुरी, आठवी गल्ली, दुसरा मजला.
पहिल्या तासातच इंद्रानं रिमोट पाण्याच्या पिंपात सोडला.
कुहूनं शिवतेजच्या गाड्या रंगाप्रमाणे ओळीत लावल्या
आणि ज्याच्या त्या, त्यानं हात लावला की किंचाळली.
मी "नको रे", "सॉरी म्हण", "ते आपलं नाही"
एवढ्या तीनच वाक्यांवर घरभर फिरत राहिले.

दुसऱ्या पहाटे गादी ओली.
वर चादर ओढली, चादरीवर टॉवेल,
टॉवेलवर उशी, उशीवर मी.
छत्तीस वर्षांची बाई, चोरासारखी पडून,
उजाडू नये म्हणत.
संयोगिता चहा घेऊन आली. नाक आहे तिला.
कप खिडकीत ठेवला, गादीचं एक टोक धरलं,
"धर की ते."
जिन्याच्या वळणावर अडकलो, दोघीही मागे-पुढे होईनात,
आणि तिथेच हसू फुटलं.

गच्चीवर उलटी टाकली तर खालच्या अंगाला
बशीएवढाले जुने पिवळट डाग.
"हा शिवतेज. हा नणंदेचा धाकटा.
आणि हा," तिनं जिन्याकडे पाहून घेतलं,
"हा माझा. बाळंतपणानंतर महिनाभर
शिंकायचं म्हटलं तरी भ्या वाटायचं."

बघण्यासारखं तसं काहीच बघितलं नाही.
देवळात आळीपाळीनं गेलो,
मी बराच वेळ चपलांपाशी, मांडीवर झोपलेला इंद्र.
पन्हाळा राहिला.
रंकाळ्यावर कुहूला फक्त उतरायच्या पायऱ्या आवडल्या,
त्या तिनं एकोणीस वेळा मोजल्या, दर वेळी वेगळ्या आल्या.
मात्र तिचे सासरे, आबा, मुलांना गंगावेशीत घेऊन गेले,
आणि घरी दुधाला तोंड न लावणारी ही मुलगी
म्हशीच्या डोळ्यांत बघत अख्खा पेला प्यायली म्हणे.
फेसाची मिशी तशीच मिरवत जिना चढली.

वसतिगृहात तीन वर्षं एका खोलीत होतो.
तेव्हा पहाटेचे तीन वाजले तरी विषय संपत नसत.
आता साडेअकरा, स्वयंपाकघराची फरशी, मध्ये लसणाचं सूप.
"मी नोकरी..."
इंद्र रडला. थोपटून आले.
"हां, नोकरी?"
"गेली."
"कधी?"
शिवतेजला पाणी हवं होतं.
ती परत आली, पाकळ्या सोलू लागली.
"दिवाळीच्या आधी," मी म्हटलं.
"आणि आत्ता सांगतीयास."
चार दिवसांत आम्ही बोललो ते एवढंच.
निघताना तिनं सोललेल्या लसणाचा डबा बॅगेत कोंबला,
नाशिकपर्यंत सगळ्या कपड्यांना वास.

घरी आल्यावर आठवडाभर कुहू
"मी जेवलो की", "मी आलो की" म्हणत होती.
मी दुरुस्त केलं नाही.

काल संयोगिताचा फोन:
"मे महिन्यात आम्ही येतो. आबा पण.
गाद्या हाईत न्हवं?"
हाईत, म्हटलं.
माळ्यावरून पाहुण्यांची गादी ओढून काढली,
उन्हात घातली, उलटून पाहिली,
पुन्हा सुलटून पाहिली.
दहा वर्षांची गादी, एक डाग नाही.
तशीच उभी राहिले जरा वेळ,
कुणी बघत नाही ना, ते बघत.