खडेबाजार

शाळेत सांगितलं होतं, विकणारे इथं
दिवसभर उभे, म्हणून खडे.
भरमू पोतदार म्हणाला, छट्, अंगठीतले खडे,
माझा आजाच विकायचा की.

चन्नव्वानं कोथिंबिरीची पाटी
कट्ट्याला टेकवली.
"कडे रे, कडे. आमच्यात कडे म्हणजे शेवट.
गाव संपायचं इथं."

मी म्हटलं, आमच्यात कडे म्हणजे
तुझ्याकडे, माझ्याकडे.
"मग ये की इकडे,
जुडी घे. दहाला दोन."

वरून गौस पेंटर ओरडला,
सकाळपासून शिडीवर खडा,
निम्मा बोर्ड कन्नडात, निम्मा अजून कोरा:
"काय ते लौकर ठरवा,
डब्यातला रंग वाळायलाय."