वरची ओळ

जालन्याच्या एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावर,
कीबोर्डच्या फटींत औषध लावलेल्या बियाण्याची गुलाबी भुकटी,
आणि प्रयोगशाळेकडून फाइल येते.
एका टॅगच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात आणखी एक.
पिकात वाण, वाणात लॉट, लॉटमध्ये प्लॉट,
उघडलेलं दार न् दार शेवटी मोजून लावलेलं.

मला हे सगळं टेबलात बसवायचं असतं.
टेबलाला पोट नसतं.
तिथे नुसत्या ओळी, पंगतीसारख्या,
आणि कोण कुणाचं लेकरू हे पत्रावळीवरून कळत नाही.
म्हणून प्रत्येक ओळीला एक नंबर
आणि शेजारी तिच्या वरच्या ओळीचा नंबर.
क्रमही वेगळा लिहावा लागतो,
नाहीतर टेबल विसरतं
थोरलं कोण, धाकटं कोण.

संकरित मिरचीपाशी अडलं.
फाइलमध्ये ती मादीच्या पोटात होती,
नर नुसता एक शब्द, टॅगच्या उंबऱ्यावर उभा.
अंभोरे सर म्हणाले, झाडाला खोड एकच असतं.
मिरचीला दोन असतात, सर.
मग वरचे दोन रकाने केले.

आई फोनवर हसली.
'एक ओळ नराची, चार मादीच्या.
तुला हे कंपनीत जाऊन कळलं व्हय?'
ती चौदा हंगाम क्रॉसिंगला गेली, जाफ्राबादकडं.
संध्याकाळी कळी उलगडून चिमट्यानं पुंकेसर काढायचे,
सकाळी नराचा पराग टेकवायचा,
देठाला लाल दोरा.
तोही टॅगच.
बंद व्हायचा तो फळ पिकल्यावर.

मार्चमध्ये तक्रार आली, मंठ्याहून, पाकीट उगवलं नाही.
(पत्र्याखाली तापलं होतं, हे नंतर कळलं.)
मी क्वेरी लिहिली, स्वतःलाच हाक मारणारी:
याच्या वर कोण, त्याच्या वर कोण,
वर कुणी नसेल तिथे थांब.
ती चढत गेली.
पाकीट, लॉट, गट नंबर, शेडनेट तीन,
आणि थांबली.
मजूर: ११.

नावांच्या रकान्यात शून्य नव्हतं, मोकळी जागाही नव्हती.
नल होतं.
नल म्हणजे नाही, असं नसतं.
नल म्हणजे माहीत नाही.

मला माहीत होतं.
निदान चौघी.
कौसाबाई, शमशाद, निलावती,
आणि जिच्या हातची भाकर
मिरचीच्या दिवसांत आम्हा लेकरांना झोंबायची.

सगळे गेल्यावर मी एक टेबल वाढवलं.
कुणी विचारलं तर सांगेन, टेस्टिंगचं आहे.
मग आईला फोन लावला:
त्या साली तीन नंबरच्या नेटमधे कोण कोण होतं गं?

'थांब,' म्हणाली.
पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
ती वाफ्याच्या त्या टोकाला गेली असणार
आणि तिथून, एकेक झाड करत,
माझ्याकडे चालत येत असणार.